एक हात तार

एके काळीं शहरांतील चाळींच्या गच्चीवर दोन बांबू उभे करून त्यांच्यामध्यें तांब्याची तार ताणलेली दिसे. तिचें एक टोंक खिडकींतून घरांत येई आणि रेडिओच्या पाठीमागें खोंचलेलें असे. त्या तारेला सारे 'एरियल' म्हणत. वाऱ्यापावसानें ती तुटली कीं गाणें मंदावे, बातम्या खरखरूं लागत, आणि शेजारचा एखादा हुशार मुलगा वर चढून ती पुन्हां बांधून देई. पेटी कितीहि भारी किंमतीची असो, गच्चीवरची तार जागेवर नसेल तर ती बहिरी, ही गोष्ट त्या काळच्या कुटुंबांना न शिकवतां कळलेली होती. पुढें रेडिओ खिशांत मावूं लागला, तार पेटीच्याच पोटांत गेली आणि एरियलचा विसर पडला. घरांत असा विसर पडला तरी चालतें. भर समुद्रांत, विशेषतः अगदीं लहान होडींत, तो महाग पडतो.

अशा लहान होड्यांत कयाक ही फार जुनी होडी आहे. ग्रीनलंड आणि उत्तर अमेरिका यांच्या बर्फाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या इन्युइट लोकांनीं ती शिकारीसाठीं घडविली. वाहून आलेल्या लांकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलें सीलचें कातडें, आणि मधोमध एका माणसाला कमरेपर्यंत आंत बसतां येईल एवढें भोंक, अशी तिची रचना. आज ती फायबरग्लासची किंवा प्लॅस्टिकची करतात, आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांमधून, नॉर्वेच्या फियॉर्डांतून, कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरून हौशी माणसें तींतून दिवसचे दिवस प्रवास करतात. समुद्रावर नेण्याची कयाक सुमारें ५ मीटर लांब असते. रुंदी मात्र ६० सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनहि कमी. तिला शीड नाहीं, डोलकाठी नाहीं, छप्पर नाहीं. वल्हविणारा जवळजवळ पाण्याच्या पातळीवरच बसतो. त्याचे डोळे पाण्यापासून मीटरभरहि उंच नसतात. दोन मीटर उंचीची लाट मध्यें आली कीं शेजारची कयाक दिसेनाशी होते आणि किनारा नाहींसा होतो.

अशा माणसाच्या छातीवर, जीवरक्षक जाकिटाला अडकविलेलें, एक लहानसें बिनतारी यंत्र असतें. त्यावरून बोलतांहि येतें आणि ऐकतांहि येतें. त्याची शक्ति ५ ते ६ वॅट. मोठ्या जहाजांवर कायम बसविलेल्या अशाच यंत्राची २५ वॅट. यंत्राच्या डोक्यावर करंगळीएवढी जाड, वीतभर लांबीची रबरी काडी असते. तीच त्याची एरियल. रबराच्या आंत पुरेशा लांबीची तार स्प्रिंगसारखी गुंडाळून आंखूड केलेली असते. खिशाला सोयीची म्हणून ती तशी करतात. पण ही सोय फुकट मिळत नाहीं. गुंडाळलेल्या तारेंतून शक्तीचा बराच भाग बाहेर पडतच नाहीं, आणि जो पडतो त्यांतील कांहीं जवळच असलेलें माणसाचें शरीर शोषून घेतें. तेव्हां यंत्रावर ५ वॅट छापलेले असले, तरी ते सारे समुद्रावर पसरतात असें समजूं नये.

या काडीवर किती भार येऊं शकतो हें एका घटनेवरून दिसतें. अँड्र्यू मॅकॉली हा ऑस्ट्रेलियन साहसी पुरुष जानेवारी २००७ मध्यें टास्मानियाच्या किनाऱ्यावरून एकटाच कयाक घेऊन निघाला. मधला टास्मान समुद्र ओलांडून न्यूझीलंडच्या मिलफर्ड साउंड येथें उतरण्याचा त्याचा बेत होता. अंतर सुमारें १,६०० किलोमीटर. जवळजवळ महिनाभर तो वादळें सोसत पुढें सरकला आणि न्यूझीलंडचे डोंगर त्याच्या दृष्टीच्या टप्प्यांत आले. ९ फेब्रुवारीच्या संध्याकाळीं किनाऱ्यावरील यंत्रणेला बिनतारीवर एक तुटक, अस्पष्ट हांक ऐकूं आली. कयाक, संकट, मदत एवढा आशय त्यांतून निघत होता. दुसऱ्या दिवशीं त्याची कयाक समुद्रावर तरंगतांना सांपडली. तो स्वतः कधींच सांपडला नाहीं. त्या हांकेचें नीट उकललेलें वाचन पुष्कळ परिश्रमानें मागाहून करावें लागलें. या दुःखद घटनेचा दोष एका एरियलवर टाकणें योग्य होणार नाहीं. थंड पाण्यांत पडलेल्या माणसाजवळ वेळच फार थोडा असतो. पण पाण्यावरून निघालेली हांक ऐकणाऱ्याच्या कानीं धड पोंचणें आणि तुटक पोंचणें यांत किती अंतर आहे, हें या घटनेनें दाखवून दिलें.

समुद्रावरील बिनतारीच्या इतिहासाकडे पाहिलें, तर एरियलसाठीं केलेल्या तात्पुरत्या खटपटींनींच तो भरलेला दिसतो. १२ डिसेंबर १९०१ रोजीं मार्कोनी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स गांवाजवळच्या सिग्नल हिल या टेंकडीवर आपलें ग्राहकयंत्र घेऊन बसला होता. इंग्लंडच्या पोल्ढू येथून पाठविलेलें 'एस' हें अक्षर, म्हणजे लागोपाठ तीन टिंबें, त्याला अटलांटिकपलीकडे ऐकावयाचें होतें. एरियल उचलण्यासाठीं आणलेला फुगा वाऱ्यानें नेला. तेव्हां त्याच्या साहाय्यकांनीं पतंग उडविला आणि सुमारें १५० मीटर तार आकाशांत चढविली. पतंग वरखालीं होत होता, तार हेलकावत होती, आणि तशांतच तीं तीन टिंबें ऐकूं आलीं असें मार्कोनीनें जाहीर केलें. त्यानें तीं खरोखरच ऐकलीं कीं काय याविषयीं पुढें जाणत्यांनीं शंकाहि घेतल्या. परंतु पतंगाची तार ही युक्ति मात्र टिकून राहिली.

दुसऱ्या महायुद्धांत समुद्रावर पडलेल्या वैमानिकांच्या रबरी होडींत हीच युक्ति पेटींत भरून आली. जर्मनांनीं प्रथम तसा संच बनविला. तो ब्रिटिशांच्या हातीं लागला, आणि त्याच्या धर्तीवर अमेरिकेंत एक पिवळी पेटी तयार झाली. मांड्यांमध्यें घट्ट धरतां यावी म्हणून तिला कमरेसारखा बारीक मध्यभाग दिलेला होता. म्हणून सैनिकांनीं तिला 'गिब्सन गर्ल' हें नांव ठेविलें. गिब्सन नांवाच्या चित्रकारानें रंगविलेल्या बारीक कमरेच्या तरुणी त्या देशांत फार लोकप्रिय होत्या. पेटीला विद्युत्‌घट नव्हता. हाताची मूठ फिरवावयाची, कीं वीज निर्माण होई आणि संकटाची 'एस्. ओ. एस्.' ही खूण आपोआप जाई. ती ५०० किलोहर्ट्‌झवर जाई, म्हणजे तरंगाची लांबी ६०० मीटर. एवढ्या लांब तरंगाला एरियलहि लांब हवी. म्हणून पेटीबरोबर सुमारें ९० मीटर तार, ती उचलण्यासाठीं चौकोनी खोक्यासारखा पतंग, आणि वारा पडला तर उडविण्यासाठीं हायड्रोजनचा फुगा, असें सारें सामान दिलेलें असे. ओलेचिंब, थकलेले वैमानिक रबरी होडींत बसून पतंग उडवीत, कारण पतंग चढला नाहीं तर पेटी मुकीच राहणार हें त्यांना शिकविलेलें असे.

त्यानंतर सन १९४७ मध्यें थोर हायर्डाल आणि त्याचे पांच सोबती बाल्सा लांकडाच्या 'कॉन-टिकी' नांवाच्या तराफ्यावरून पेरूहून पॅसिफिक महासागरांत निघाले आणि १०१ दिवसांनीं रारोइआ बेटाच्या प्रवाळभिंतीवर आदळले. त्यांच्यापैकीं क्नूट हॉगलंड व टोर्स्टाइन रॉबी हे युद्धांत तयार झालेले बिनतारी कामगार होते. अवघ्या ६ वॅटच्या आसपास शक्तीच्या यंत्रावरून त्यांनीं हजारों किलोमीटर दूरच्या हौशी बिनतारीवाल्यांशीं संभाषण केलें, आणि त्यासाठीं तार उंच नेण्याच्या नाना खटपटी केल्या.

येथें एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. कॉन-टिकीचे ६ वॅट अर्धें जग ओलांडतात, तर कयाकवाल्याचे ५ वॅट पुढच्या बेटापर्यंतहि कां पोंचूं नयेत? याचें उत्तर तरंगाच्या लांबींत आहे. तराफ्यावरील यंत्र लघुलहरींवर बोलत होतें. त्या लहरी वर जाऊन वातावरणाच्या विद्युत्‌भारित थरावर आदळतात आणि परावर्तित होऊन दूरदेशीं उतरतात. आजच्या समुद्री बोलयंत्राच्या लहरी त्याहून पुष्कळ आंखूड, सुमारें दोन मीटर लांबीच्या, आहेत. त्या वर गेल्या कीं सामान्यतः परत येत नाहींत. त्या दिव्याच्या प्रकाशासारख्या सरळ जातात आणि पृथ्वीची गोलाई आड आली कीं त्यांचा मार्ग खुंटतो. म्हणून कयाकवाल्याला दोन गोष्टींचा विचार करावा लागतो: एरियलची उंची किती आणि तिचें माप काय.

प्रथम उंचीचें गणित पाहूं जातां तें शाळेंतील मुलालाहि करतां येईल इतकें सोपें आहे. एरियल पाण्यापासून जितके मीटर उंच असेल त्या संख्येचें वर्गमूळ काढावें आणि त्याला सुमारें ४.१ नें गुणावें. जें उत्तर येईल तितक्या किलोमीटरांवर त्या एरियलचें बिनतारी क्षितिज असतें. हें क्षितिज डोळ्यांच्या क्षितिजापेक्षां थोडें दूर असतें, कारण हवा या लहरींना किंचित् खालीं वांकविते. ऐकणाऱ्याच्या एरियलचें क्षितिजहि याच रीतीनें काढून दोन्हींची बेरीज करावी. छातीजवळ धरलेल्या यंत्राची उंची ९० सेंटिमीटर धरली तर क्षितिज ३.९ किलोमीटरांवर येतें. दोन कयाकवाले एकमेकांशीं बोलूं लागले तर त्यांची मर्यादा ७.८ किलोमीटर झाली. आतां दोघांनींहि आपापली एरियल २.५ मीटर उंच नेली, तर प्रत्येकाचें क्षितिज ६.५ आणि बेरीज १३ किलोमीटर होते. यंत्र तेंच, विद्युत्‌घट तोच. बदलली ती केवळ एक काठी.

याउलट यंत्राची शक्ति पांचपट वाढविली तरी हें क्षितिज जागचें हलत नाहीं. क्षितिजाच्या आंत आवाज अधिक स्वच्छ होईल, परंतु पलीकडे असलेल्याला पाण्याचा डोंगर आड येतोच. वर्गमूळाचा नियम उलट बाजूनेंहि ध्यानांत ठेवावा: क्षितिज दुप्पट करावयाचें तर उंची चौपट लागते. म्हणून पहिल्या मीटर-दोन मीटरांत जेवढा फायदा होतो तेवढा पुढच्या मीटरांत होत नाहीं. लहान होडीला ही आनंदाचीच गोष्ट आहे, कारण तिला पहिले मीटरच काय ते परवडतात.

ऐकणारा उंच असला तर हिशेब बदलतो. मोठ्या जहाजाची एरियल ३० मीटर उंच असेल तर तिचें क्षितिज सुमारें २२ किलोमीटर, आणि ४०० मीटर उंच डोंगरावरील किनारा-केंद्राचें सुमारें ८२ किलोमीटर. अशा वेळीं कयाकवाल्याच्या दीड मीटर वाढीव उंचीनें क्षितिज थोडेंच पुढें सरकतें. तरीहि ती उंची फुकट जात नाहीं. लाटांच्या घळींत उतरलेल्या कयाकची छातीवरील एरियल पाण्याच्या भिंतींनीं वेढलेली असते आणि शब्दांमागून शब्द गिळले जातात. लाटेच्या माथ्याहून वर राहिलेली एरियल मात्र सबंध वाक्य पोंचविते. आणि कयाक किनाऱ्याला लावतां येण्याजोगी असेल, तर सर्वांत स्वस्त डोलकाठी म्हणजे जवळची टेंकडी. २५ मीटर उंचीचा कडा चढून गेलें कीं हातांतल्या यंत्राचें क्षितिज सुमारें २० किलोमीटर होतें. यासाठीं तारहि लागत नाहीं.

आतां मापाकडे वळावें. समुद्रावर संकटाची हांक देण्यासाठीं जगभर १६ क्रमांकाची वाहिनी राखून ठेविलेली आहे. तिची कंपनसंख्या १५६.८ मेगाहर्ट्‌झ. प्रकाशाच्या वेगाला या संख्येनें भागिलें कीं तरंगाची लांबी १ मीटर ९१ सेंटिमीटर येते. एरियल उत्तम काम करते ती या लांबीच्या पाव किंवा अर्ध्या मापाची असतांना. त्या मापांत विद्युत्‌प्रवाह झोक्यासारखा आपल्या तालांत झुलतो आणि शक्ति सहज बाहेर पडते. प्रत्यक्ष तारेंत हें माप शेंकडा पांचच्या सुमारास कमी करावें लागतें. म्हणजे पाव तरंगाची तार झाली सुमारें ४५ सेंटिमीटर, आणि अर्ध्या तरंगाची ९१ सेंटिमीटर. जुन्या मोजमापांत वाढलेल्यांना हे आंकडे पाठ करण्याची गरज नाहीं. कोंपरापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंतचा एक हात, म्हणजे १८ इंच, हा पाव तरंग. आणि कापडाच्या दुकानांतील एक वार हा अर्धा तरंग. जणुं हें माप माणसाच्या अंगावरूनच घेतलें आहे.

या मापाच्या तारेनें करतां येण्याजोग्या तीन सोप्या युक्त्या आहेत. पहिली अगदीं बाळबोध. रबरी काडीच्या बुडाशीं जी धातूची कडी असते, तिला एक हात लांबीची लवचिक तार जोडून ती खालीं मोकळी लोंबूं द्यावयाची. एरियलला नेहमीं दुसरी बाजू लागते. गच्चीवरच्या तारेला ती जमिनींत पुरलेल्या 'अर्थ'नें मिळे. हातांतल्या यंत्राला ती यंत्राच्या सांगाड्यांतून आणि धरणाऱ्याच्या हातांतून कशीबशी मिळते. ही लोंबती शेपटी ती उणीव बऱ्याच अंशीं भरून काढते.

दुसरी युक्ति दोन हातांची. यंत्राला बसेल असें जोडटोंक असलेली बारीक गोल केबल घ्यावी. हिच्यांत मधोमध एक तार, तिच्याभोंवतीं प्लॅस्टिक, त्यावर तांब्याची जाळी आणि सर्वांत बाहेर काळें आवरण असतें. मोकळ्या टोंकाकडील एक हातभर आवरण काढावें, जाळी उकलून तिची वेणी करावी, आणि मधली तार सरळ वर व जाळीची वेणी सरळ खालीं अशी एखाद्या काठीला बांधावी. केबल शक्य तितकी काटकोनांत बाहेर न्यावी. ही वारभर लांबीची एरियल झाली. तारेच्या जागीं सुताराच्या पोलादी मोजपट्टीचे दोन तुकडे लावले तर तें अधिक सोयीचें. कारण लाट अंगावर आली कीं पट्टी वांकते आणि लाट गेली कीं पुन्हां ताठ उभी राहते. कापलेल्या पट्टीच्या कडा धारदार असतात; त्यांवर चिकटपट्टी गुंडाळण्यास विसरूं नये.

तिसरी युक्ति गुंडाळून खिशांत ठेवण्याची. दूरदर्शन घरोघर नवें आलें तेव्हां छपरावरील एरियलपासून घरांत एक चपटी पट्टी येत असे. तिच्या दोन कडांना दोन तारा आणि मध्यें प्लॅस्टिक. अशा पट्टीचा खालचा सुमारें ३९ सेंटिमीटर भाग दोन्ही तारांचा ठेवावा आणि तळाशीं त्या तारा एकमेकींना जोडाव्या. त्या भागाच्या वर एक तार तोडून टाकावी आणि दुसरी तशीच वारभर वर जाऊं द्यावी. यंत्राकडून येणारी केबल तळापासून थोड्या सेंटिमीटरांवर दोन्ही तारांना जोडावयाची. नेमकी जागा प्रयोगानें ठरते. वरचा वारभर भाग लहरी सोडतो आणि खालचा दुतारी भाग त्याचा व यंत्राचा मेळ घालतो. ही कल्पना मुळांत झेपेलिन विमानांची आहे. हायड्रोजननें भरलेल्या त्या प्रचंड फुग्याखालीं एरियल लोंबत सोडावी लागे. जमिनीचा आधार नसतांना तिच्या एका टोंकांतून शक्ति कशी भरावी, हा प्रश्न सन १९०९ च्या सुमारास जर्मनीमध्यें या रीतीनें सोडविण्यांत आला. आकाशांतील त्या अवाढव्य यानाची युक्ति आज पाण्यावरील सर्वांत चिमुकल्या होडीच्या कामीं येते.

आतां ती उचलावयाची कशानें? फायबरग्लासची गळाची काठी, तंबूची दांडी, किंवा बारीक प्लॅस्टिकची नळी चांगली. कार्बनतंतूंची काठी वा वल्हें मात्र टाळावें. कार्बनमधून वीज वाहते आणि शेजारच्या तारेचा सारा ताल बिघडतो. एरियल नेहमीं उभी ठेवावी, कारण जहाजांच्या व किनाऱ्याच्या एरियलहि उभ्याच असतात. आडवी धरलेली चांगली तार उभ्या धरलेल्या सामान्य तारेपुढें हरते. केबल आंखूड असावी. बारीक केबल १० मीटर झाली तर यंत्रांतून निघालेल्या शक्तीपैकीं एक-तृतीयांशाहून अधिक वाटेंतच नाहींशी होते. म्हणजे उंचीनें मिळविलेलें केबलीनें घालविलें, असा प्रकार होतो. कयाकला दोन-तीन मीटर केबल पुष्कळ झाली.

खारें पाणी हा या सर्व खटाटोपाचा मोठा वैरी. उघड्या जाळींत तें केशाकर्षणानें आंत शिरतें, तांबें हिरवें पडतें, आणि दिसावयास धडधाकट असलेली केबल निकामी होते. म्हणून प्रत्येक जोड रबरी चिकटपट्टीनें घट्ट बंद करावा. चपटी पट्टी ओली झाली कीं तिचें माप बदलल्यासारखें होतें. ती पातळ प्लॅस्टिकच्या नळींत घालून ठेवणें बरें. यंत्राची रबरी काडी काढून तेथें केबल जोडतांना यंत्राचें तोंड क्षणभर उघडें पडतें. तें काम भर लाटांत करूं नये. आणि एरियल न लावतां बोलण्याची कळ कधींहि दाबूं नये. बाहेर पडूं न शकलेली शक्ति परत फिरून यंत्रालाच इजा करूं शकते.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची एक सूचना आहे. यंत्र माणसाजवळ असावें, होडीजवळ नव्हे. कयाक उलटली आणि हातची सुटली तर वारा तिला पोहणाऱ्यापेक्षां वेगानें वाहून नेतो. होडीला बांधलेल्या सुंदर एरियलचा त्या वेळीं कांहीं उपयोग नाहीं. शिवाय माणूस, केबल व काठी हीं एकमेकांना अशीं बांधलेलीं असूं नयेत कीं उलटल्यावर माणूस त्यांत गुरफटावा. एका झटक्यासरशीं केबल सुटली पाहिजे. उंच तार ही शांतपणें संदेश देण्याच्या वेळेसाठीं आहे: सोबत्यांचा मागोवा घेणें, हवामान ऐकणें, वारा वाढतो आहे असें दिसतांच वेळेवर कळविणें. पाण्यांत पडलेल्या माणसाची सोबत छातीवरची रबरी काडीच करते; म्हणून ती काढली तरी लगेच परत लावतां येईल अशी गांठीशीं ठेवावी. त्या स्थितींत यंत्र उभें धरून, पाण्यापासून शक्य तितकें वर, लाटेच्या माथ्यावर येतांच बोलावें.

केलेली एरियल खरोखर काम करते कीं नाहीं हें किनाऱ्यावरच तपासावें. तारेकडे गेलेल्या शक्तीपैकीं किती परत येते तें दाखविणारें लहान मापक हौशी बिनतारीवाल्यांजवळ असतें. त्याचा आंकडा दोनापेक्षां कमी आला तर जवळजवळ नऊ-दशांश शक्ति तारेनें स्वीकारली असें समजावें. आंकडा मोठा आला तर तार थोडी थोडी कापून पाहावी. म्हणूनच ती आरंभीं बोटभर जास्त ठेवावयाची. बोलून पाहण्यासाठीं १६ वी वाहिनी अडवूं नये. कायद्याकडेहि लक्ष हवें. ब्रिटनमध्यें असें यंत्र वापरण्यास परवाना व परीक्षा दोन्ही लागतात. अमेरिकेच्या पाण्यांत हौशी नावाड्याला त्यांतून सूट आहे. भारतांत सरकारी परवाना लागतो. संकटांत सांपडलेल्या माणसाला मात्र कोणत्याहि देशांत मदतीची हांक मारण्याची मोकळीक असते.

आजच्या काळीं कयाकवाल्यानें या तारेवरच विसंबावें असें नाहीं. उपग्रहांकडे थेट खूण पाठविणारी खिशांतील यंत्रें निघालीं आहेत. या उपग्रह-व्यवस्थेनें सन १९८२ मध्यें पहिल्यानें माणसांचे प्राण वांचविले. आज तीं यंत्रें ४०६ मेगाहर्ट्‌झवर आपली हांक देतात आणि ती हांक डोंगर वा क्षितिज अडवीत नाहीं. मौजेची गोष्ट अशी कीं, त्यांतील पुष्कळ यंत्रांची एरियलहि मोजपट्टीसारखी गुंडाळलेली पोलादी पात असते. कळ उघडली कीं ती ताठ उभी राहते. तरंग लहान, म्हणून ती पात वीतभरापेक्षांहि आंखूड. पण तिचाहि नियम तोच: ती उभी असावी, आकाश तिला मोकळें दिसावें, आणि ती पाण्याखालीं जाऊं नये. उपग्रहाची खूण शोधपथकाला बोलाविते. शेवटच्या मैलांत जवळ आलेल्या होडीला वा विमानाला "उजवीकडे वळा, मी येथें आहें" असें सांगतें तें मात्र बोलतें यंत्रच.

कोंकणच्या किनाऱ्यावर लहान होडींतून मासेमारीस जाणाऱ्यालाहि हेंच गणित लागू पडतें. त्याच्या होडींत बसलेल्या माणसाची उंची कयाकवाल्याहून फार अधिक नसते, आणि पावसाळ्याच्या तोंडावरच्या लाटा स्कॉटलंडच्या लाटांहून सौम्य नसतात. होडींत एक बांबू उभा करणें त्याला कयाकवाल्यापेक्षां पुष्कळ सोपें आहे.

तेव्हां समुद्रावर जाणाऱ्यानें बिनतारी यंत्र विकत घेतलें म्हणजे सर्व झालें असें मानूं नये. निघण्यापूर्वीं घरीं एखादी संध्याकाळ काढून तार मोजावी, जोड बंद करावे, काठीला बांधून पाहावी आणि सोबत्याला दोन-चार किलोमीटर दूर पाठवून बोलून घ्यावें. त्याचबरोबर संकटाचे शब्दहि तोंडीं बसवावे: 'मेडे' हा शब्द तीन वेळां, मग होडीचें नांव, मग जागा, मग काय झालें आहे आणि माणसें किती. नांवानंतर लगेच जागा सांगावयाची, याचें कारण उघड आहे. हांक मध्येंच तुटली तरी शोधणाऱ्यांना कोठें जावयाचें तें कळलेलें असावें.